हॉथॉर्नच्या त्या दोघी कुठे गेल्या?

मनुष्यबळ व्यवस्थापनात एमबीए, एमपीएम किंवा एमए करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, हॉथॉर्नची गोष्ट त्याला सांगता येते. पहिल्या सत्राच्या पहिल्या-दुसऱ्या प्रकरणात ती असतेच आणि परीक्षेत टीप म्हणून हमखास पडते. मीही ती लिहिली आहे. गोष्ट साधारण अशी:

शिकागोजवळच्या एका कारखान्यात संशोधकांनी उजेड वाढवला, उत्पादन वाढलं. उजेड कमी केला, तरी वाढलं. मग काही मुलींना वेगळ्या खोलीत बसवून त्यांना मधल्या सुट्ट्या दिल्या, खाणं दिलं, कामाचे तास कमी केले. उत्पादन वाढत गेलं. शेवटी सगळ्या सवलती काढून घेतल्या, तरी ते वाढलेलंच राहिलं. म्हणजे माणसाला पैशापेक्षा आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय याचं मोल जास्त. एल्टन मेयो, मानवी संबंध विचारधारा, टीप संपली.

आज मला या टिपेवर टीका लिहायची आहे. एचआरच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कामगाराचं जे चित्र उभं केलं जातं ते आलं कुठून, हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. घरी सणावाराला कुणी विचारलं, ‘तू नक्की करतेस काय?’ की मी गडबडते. तर त्या प्रश्नाचं हे एक लांबलेलं उत्तर समजा. तुम्ही हा कोर्स करत असाल, करायच्या विचारात असाल किंवा नुसतेच पगारदार असाल, तरी ही गोष्ट तुमच्याबद्दल आहे.

उजेडाचं काय झालं?

कारखाना खरा आहे. वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीचा, शिकागोला लागून असलेल्या सिसेरो गावातला हॉथॉर्न कारखाना. उजेडाचे प्रयोग १९२४ ते १९२७ या काळात झाले. तेव्हा मेयो तिथे नव्हतेच. हार्वर्डचे मेयो १९२८ मध्ये तिथे पोचले, प्रयोग सुरू होऊन चार वर्षं झाल्यावर. टिपेतली पहिली चूक ही, आणि ती किरकोळ आहे.

दुसरी किरकोळ नाही. उजेडाच्या प्रयोगांचे मूळ आकडे नष्ट झाले असंच अनेक वर्षं मानलं जात होतं. स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांना ते सापडले आणि त्यांनी २०११ मध्ये आपलं विश्लेषण छापलं. त्यांना काय दिसलं? उजेडातले बदल रविवारी, कारखाना बंद असताना केले जात. मग शनिवारच्या उत्पादनाची सोमवारच्या उत्पादनाशी तुलना होई. पण उजेड बदलला काय आणि नाही बदलला काय, त्या कारखान्यात सोमवारी उत्पादन जास्तच असे! सुट्टी घेऊन आलेला माणूस ताज्या दमाचा असतो, एवढीच गोष्ट. ‘काहीही केलं तरी उत्पादन वाढलं’ हा पुस्तकात येणारा ठसठशीत नमुना त्यांना आकड्यांत मिळाला नाही. लक्ष दिल्याचा परिणाम अगदीच शून्य, असंही ते म्हणत नाहीत. फार बारीक आणि पुसट खुणा दिसतात, असं म्हणतात. पण पुसट खुणांवर विचारधारा उभी राहत नाही.

खोलीतल्या पाच जणी

आता मुख्य प्रयोगाकडे येऊ. एप्रिल १९२७ मध्ये सहा तरुण कामगार स्त्रियांना एका वेगळ्या खोलीत आणलं. पाच जणी रिले जोडणार आणि सहावी त्यांना सुटे भाग पुरवणार. रिले म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधला छोटा विद्युतचुंबकीय स्विच. तीस-पस्तीस बारीक भाग हाताने जोडायचे की एक रिले तयार. दिवसभर तेच. हा प्रयोग पुढे पाच वर्षं चालला आणि उत्पादन साधारण ३० टक्क्यांनी वाढलं.

टिपेत गळालेल्या दोन गोष्टी इथे आहेत.

पहिली, पैसे. मोठ्या विभागात असताना या मुलींची कमाई शंभरेक कामगारांच्या एकत्रित उत्पादनावर ठरायची. तुम्ही जास्त रिले जोडले तरी तो वाढावा शंभर जणींत विरघळून जायचा. वेगळ्या खोलीत आल्यावर हिशेब फक्त या छोट्या गटापुरता झाला. आता हात भरभर चालवला तर त्याच आठवड्याच्या पाकिटात फरक दिसणार. म्हणजे ‘लक्ष देण्या’बरोबरच मजुरीची पद्धतही बदलली होती. तेव्हाच्या संशोधकांनाही ही शंका आली, म्हणून त्यांनी दुसरा एक प्रयोग केला. दुसऱ्या पाच जणींना वेगळी खोली नाही, मधल्या सुट्ट्या नाहीत, फक्त मजुरीचा हिशेब छोट्या गटापुरता. उत्पादन साधारण १२ टक्क्यांनी वाढलं. हा प्रयोग काही आठवड्यांतच बंद करावा लागला. का? विभागातल्या बाकीच्या म्हणू लागल्या, आम्हालाही तसाच हिशेब द्या. मला तर वाटतं, हॉथॉर्नमधलं सगळ्यात सरळ उत्तर या बायकांनी दिलं होतं. पण टिपेत त्या येत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे या लेखाचं शीर्षक. जानेवारी १९२८ मध्ये रिलेच्या खोलीतल्या दोघींना प्रयोगातून काढून परत मोठ्या विभागात पाठवलं. कारण? फार बोलतात, सहकार्य करत नाहीत. त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. त्यातली एक विलक्षण चलाख हाताची होती, तिला घरासाठी पैशांची निकड होती आणि ती बाकीच्यांनाही वेगाने काम करायला लावायची. ‘सवलती काढल्या तरी उत्पादन टिकलं’ हा गोष्टीतला कळसाचा प्रसंग त्याच वर्षाच्या उत्तरार्धातला, म्हणजे या बदलीनंतरचा आहे. ज्यांच्या मनावर लक्ष देण्याचा जादुई परिणाम झाला असं आपण लिहितो, त्या पाचांतल्या दोघी खोलीतच नव्हत्या. उरलेल्या तिघींनी डोळ्यांसमोर पाहिलं होतं की जास्त बोललं तर काय होतं.

हे मी शोधून काढलेलं नाही. ॲलेक्स केरी यांनी १९६७ मध्ये याच मुद्द्यांवर कडक टीका केली. १९७८ मध्ये फ्रँक आणि कौल यांनी या खोलीच्या आकड्यांचं पहिल्यांदा संख्याशास्त्रीय विश्लेषण केलं. त्यांच्या मते उत्पादनातल्या बहुतेक चढ-उताराचं स्पष्टीकरण व्यवस्थापनाची शिस्त (म्हणजे त्या दोघींना काढणं), १९२९ नंतरची मंदी आणि विश्रांतीचा वेळ यांनी होतं. इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही एक टोचणी हवी: पाच माणसांच्या आकड्यांवर एवढं ठाम विधान करणं हेही धाडसच आहे आणि त्यांच्या पद्धतीवर नंतर टीका झाली. पण १९९२ मध्ये स्टीफन जोन्स यांनी वेगळ्या पद्धतीने तेच आकडे तपासले आणि त्यांनाही हॉथॉर्न परिणामाचा पुरावा जवळपास मिळाला नाही.

केरींच्या लेखाला आता साठ वर्षं होत आली. मी वाचलेल्या क्रमिक पुस्तकांत टीप तशीच आहे. चूक एवढी वर्षं टिकते, तेव्हा तिचा कुणाला तरी उपयोग होत असतो. हा उपयोग कुणाला आणि कसा होतो, हा माझा खरा प्रश्न.

तक्रार की लक्षण?

हॉथॉर्नचा तिसरा भाग अभ्यासक्रमात एका ओळीत उरकला जातो: मुलाखती. १९२८ ते १९३० या काळात कंपनीने सुमारे २१,००० कामगारांच्या मुलाखती घेतल्या. आज ‘एम्प्लॉयी एंगेजमेंट सर्व्हे’ म्हणून आपण जे काही करतो, त्याचं हे खापरपणजोबा. कल्पना चांगलीच होती. त्याआधी टेलर साहेबांचं घड्याळ होतं, ज्यात कामगाराने तोंड उघडण्याची सोयच नव्हती. इथे निदान कुणी विचारत तरी होतं. हे श्रेय मेयो आणि मंडळींना द्यायलाच हवं.

पण ऐकलेल्याचं केलं काय, ते बघा. रॉथलिसबर्गर आणि डिक्सन यांचं ‘मॅनेजमेंट अँड द वर्कर’ हे १९३९ चं जाडजूड पुस्तक या सगळ्या प्रयोगांचा अधिकृत वृत्तांत आहे. त्यात तक्रारींवर एक चर्चा येते. एक कामगार सांगतो, माझ्या कामाचा नगाचा दर फार कमी आहे. मुलाखत पुढे गेल्यावर कळतं की त्याची बायको दवाखान्यात आहे आणि डॉक्टरच्या बिलाची त्याला चिंता आहे. लेखक म्हणतात, तेव्हा तक्रारीचा खरा अर्थ नगाच्या दरात नाही, त्याच्या घरच्या परिस्थितीत आहे.

दोनदा वाचा. माणूस म्हणतो दर कमी आहे. घरी आजारपण आहे आणि पैसे पुरत नाहीत. यातून ‘दर कमी आहे’ हे खोटं कसं ठरतं? मला तर ते आणखीच खरं वाटतं. पण वृत्तांतात तक्रारीचं रूपांतर लक्षणात झालं. तक्रारीला उत्तर द्यावं लागतं: दर तपासा, कमी असेल तर वाढवा. लक्षणाला उपचार पुरतो: समजून घ्या, मोकळं होऊ द्या. उपचार स्वस्त पडतो.

माझ्या मते हॉथॉर्नने एचआर शिक्षणाला दिलेला वारसा हा आहे. उजेड आणि रिले ही त्याची सजावट. खरा धडा असा की कामगार बोलतो तेव्हा तो कशाबद्दल बोलतोय हे ऐकू नका, त्याला काय वाटतंय ते टिपा. मजुरी आणि कामावरून काढणं या दोन गोष्टी गोष्टीतून आधीच वगळल्या असल्या, की कामगाराकडे भावनांशिवाय बोलायला उरतं काय?

चाकणची माझी फाइल

ही नुसती पुस्तकी टीका वाटू नये, म्हणून स्वतःचंच एक प्रकरण सांगते.

एमबीएच्या पहिल्या वर्षानंतर आठ आठवड्यांचं समर प्रोजेक्ट असतं. मी ते चाकणच्या एका कारखान्यात केलं. विषय अर्थातच एंगेजमेंट सर्व्हे. पंचवीस विधानं आणि प्रत्येकापुढे एक ते पाच. ‘मला या संस्थेत माझं भविष्य दिसतं’ असल्या विधानांचा मराठी अनुवाद मीच केला होता आणि त्याचं मला कौतुकही वाटत होतं.

कँटीनमध्ये परभणीकडचे एक दादा भेटले. ठेकेदाराच्या नावावर होते, म्हणजे खरं तर माझ्या नमुन्यात नव्हतेच. नमुना ‘ऑन रोल’ कामगारांचा होता. माणसं कमी पडली म्हणून मी त्यांना फॉर्म दिला. त्यांनी तो वाचला, पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “ताई, सात महिने झाले की आमचं कार्ड बंद होतं. महिनाभर गावाकडं. मग ठेकेदार परत बोलावतो, नवीन नंबर देतो. माझा आता तिसरा नंबर आहे. यात एक ते पाच काय भरू?”

मी काय केलं? ‘भविष्य’ या विधानापुढे त्यांच्या वतीने दोन भरला. रिपोर्टमध्ये ‘नोकरीच्या सुरक्षिततेविषयी चिंता’ अशी एक वर्गवारी केली. शिफारशींत लिहिलं: समुपदेशन, कुटुंब दिन, सुपरवायझरांना संवादकौशल्याचं प्रशिक्षण. व्हायवात कौतुक झालं, ग्रेड उत्तम मिळाला.

त्याआधीच्याच सत्रात मी कामगार कायद्यांचा पेपर दिला होता. त्यात औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मधलं २४० दिवसांचं कलम मला तोंडपाठ होतं. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की एक वर्षाची सलग सेवा धरतात. मग कामगार कपात करायची तर एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. सातव्या महिन्यात कार्ड बंद होतं ते हा आकडा गाठला जाऊ नये म्हणून. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही २४० हा आकडा कायम आहे.

हे मला माहीत होतं. दादांनी ते जवळजवळ तारखेसकट सांगितलं होतं. तरीही मी लिहिलं ‘चिंता’. कायद्याचा पेपर एका वहीत होता आणि मोटिव्हेशनचा दुसऱ्या. दोन वह्या एकत्र उघडायला मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नाही. दादांची तक्रार मी लक्षण केली. १९३९ च्या पुस्तकातल्या त्या कामगाराचं जे झालं, अगदी तेच, आणि तेव्हा मी ते पुस्तक उघडूनही पाहिलं नव्हतं. शिकवण अशीच उतरते.

मग शिकायचंच नाही का?

तसं मी म्हणत नाही. ही पदवी मूळची वाईट नाही. आपल्याकडे ती कामगारांच्या प्रश्नातूनच आली. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४९ व्या कलमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं आणि अशा अधिकाऱ्यांना शिकवायची गरज वाढली. मुंबईतल्या टाटा समाजविज्ञान संस्थेची सुरुवात १९३६ मध्ये समाजकार्याचं विद्यालय म्हणून झाली होती. जमशेदपूरची एक्सएलआरआय १९४९ मध्ये निघाली. तिच्या नावातली ‘एलआर’ ही दोन अक्षरं म्हणजे लेबर रिलेशन्स, आजही तिथेच आहेत. पुढे कोर्सची नावं बदलत गेली. आधी श्रम कल्याण, मग कर्मचारी व्यवस्थापन आणि औद्योगिक संबंध, मग मनुष्यबळ. श्रम हा शब्द मागे पडला.

आणि उदाहरणासाठी शिकागोलाच जायला हवं, असंही नाही. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस यांनी अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित मागांच्या खात्यात प्रयोग केला. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याचं काम देण्याऐवजी कामगारांचे छोटे गट करून काही मागांची सगळी जबाबदारी एका गटाला दिली. उत्पादन सुधारलं, खराब माल कमी झाला. जगभर हा प्रयोग गाजला. मग १९६९ मध्ये एस. के. रॉय यांनी राइस यांची पद्धत तपासली आणि विचारलं, याच काळात मजुरीही वाढली होती, तिचं काय? पुढे एरिक मिलर यांनी १९७० मध्ये त्याच मिलमध्ये परत जाऊन पाहिलं, तर ज्या खात्यातून सुरुवात झाली तिथली गटपद्धत बरीचशी विरून गेली होती आणि दुसऱ्या एका ठिकाणी मात्र ती टिकून होती. म्हणजे दावा, त्यावरची शंका आणि सतरा वर्षांनंतरची फेरतपासणी, सगळं एकाच मिलमध्ये, आपल्या शेजारच्या राज्यात. संशोधन कसं चालतं हे शिकवायला याहून चांगला धडा मिळायचा नाही. माझ्या वर्गात तो एकदाही आला नाही.

तेव्हा तुम्ही आत्ता या कोर्समध्ये असाल, तर हॉथॉर्नची टीप जरूर लिहा, मार्क हवेतच. पण वर्गात सरांना किंवा मॅडमना दोन प्रश्न विचारून बघा. या प्रयोगात मजुरीचा हिशेब बदलला होता का? आणि प्रयोगातून कुणाला काढलं होतं का? मोटिव्हेशनच्या प्रत्येक प्रयोगाला हे दोन प्रश्न लागू पडतात. प्राध्यापकांवर रागावू नका. त्यांच्यापैकी अनेकजण स्वतःच तासिका तत्त्वावर आहेत. नोकरीत ब्रेक म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको.

आणि प्रोजेक्टला जाल तेव्हा प्रश्नावलीच्या शेवटी एक कोरी जागा ठेवा. कुणी तारीख सांगितली, रक्कम सांगितली, कुणाचं नाव न घेता ‘काढलं’ असं म्हणालं, तर ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. त्याला वर्गवारीत कोंबू नका. नंतर कायद्याची वही उघडा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. रिपोर्ट तेवढा गुळगुळीत होणार नाही. गाइड कदाचित विचारतील, हे आकड्यांत कसं बसवणार? मला विचाराल तर ते बसवू नये.

माझी ती चाकणची फाइल अजून कपाटात आहे. प्रबंधाच्या एका प्रकरणात मी तिचा उपयोग केला आहे, वाईट संशोधनाचा नमुना म्हणून, आणि संशोधकाच्या नावाच्या जागी माझंच नाव आहे. दादांचा फॉर्मही तिच्यात आहे. त्या एका दोनशिवाय सगळा कोरा.

पुढच्या लेखात हॉथॉर्नमधल्या दुसऱ्या खोलीबद्दल लिहीन. तिथले चौदा पुरुष मुद्दाम ठरवून कमी काम करत होते आणि त्यांच्याकडे तसं करायला कारण होतं.